दातांच्या धातूच्या तारा : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी दातांना तारा बसवून घेतल्या, त्याला आता नऊ महिने झाले. वरचा उजवा सुळा शेजारच्या दातावर चढलेला होता. आज त्या जागी जीभ फिरवली तर कड लागत नाही, आणि एवढ्यावरून मी या उपचाराला चांगलाच म्हणेन.

तार दात ओढून नेते, हा माझा समज मात्र टिकला नाही. दाताचे मूळ आणि जबड्याचे हाड यांच्यामध्ये जेमतेम ०.२ मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पदर असतो. तो ज्या बाजूला दाबला जातो तिथे हाड पोखरणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात, आणि ज्या बाजूला ताणला जातो तिथे ऑस्टिओब्लास्ट पेशी नवे हाड घालतात. म्हणजे तार नुसता इशारा देते, काम पेशी करतात. पेशींना हा ताण कळतो कसा, याचा एक महत्त्वाचा धागा २०१० साली हाती आला. पेशीच्या आवरणात पिएझो नावाची प्रथिने असतात; आवरण ताणले गेले की त्यांचे दार उघडते आणि कॅल्शियमचे आयन आत शिरतात. या शोधासाठी आर्डेम पॅटापूटियन यांना २०२१ चे नोबेल विभागून मिळाले.

माझी तक्रार चौथ्या महिन्याची आहे. घरात लग्न होते म्हणून मी घाई केली, आणि त्या दिवशी खुर्चीपाशी असलेल्या बदली डॉक्टरांनी काहीही न समजावता तार जास्तच कसली. तीन आठवडे सुळा जागचा हलला नाही. दाब अती झाला की पदरातील रक्तवाहिन्या दबतात, तिथल्या पेशी मरतात आणि हाड मागच्या बाजूने पोखरले जाईपर्यंत दात अडून राहतो, हे नेहमीच्या डॉक्टरांनी नंतर सांगितले. आधी सांगितले असते तर मी हट्टच धरला नसता.

तार बदलल्यावर दुसरा दिवस सर्वांत वाईट जातो. आयबुप्रोफेनऐवजी पॅरासिटामॉल घ्यायला सांगितले होते, कारण आयबुप्रोफेन प्रोस्टाग्लँडिन नावाची शरीरातली जी रसायने तयार होऊ देत नाही त्यांच्यावाचून हाड पोखरण्याचे काम मंदावू शकते. सुरुवातीची निकेल-टायटॅनियमची तार उष्णतेने ताठ होणारी होती, त्यामुळे मे महिन्यात माठातले पाणी तोंडात धरले की ठणका तेवढ्यापुरता उतरे. तर्री-पोह्यांतले चणे मी वाटीतच ठेवतो. एक ब्रॅकेट, म्हणजे दातावर चिकटवलेली तार धरणारी पट्टी, त्यांच्यापायीच निघाले होते.

पुढच्या खेपेला स्टीलची तार बसणार आहे, तेव्हा त्या रात्री घरी मऊ खिचडी.