असिस्टेड स्ट्रेचिंगचा काही महिन्यांचा अनुभव: ट्रेनरचा दुसरा हात कुठे आहे, ते पाहा

असिस्टेड स्ट्रेचिंग, म्हणजे ट्रेनरने आपले हातपाय धरून स्नायू ताणून देणे, यासाठी एका केंद्रात घेतलेल्या पॅकेजचे मी नूतनीकरण केले आणि त्यानंतर लगेचच माझा ट्रेनर बदलण्यात आला. नव्या ट्रेनरने पहिल्याच सेशनमध्ये छातीचे स्ट्रेचिंग देताना माझे मनगट धरले आणि सरळ केलेला हात बाकाच्या कडेवरून खाली दाबायला सुरुवात केली. काही क्षणांतच करंगळीत आणि शेजारच्या बोटात मुंग्या आल्या. मी थांबायला सांगितले, तेव्हा ‘ताण जाणवतोय म्हणजे फायदा होतोय’ असे उत्तर मिळाले. व्यवस्थापनाकडे तक्रार केली, तर पॅकेजमध्ये ट्रेनर निवडण्याची सोय नसल्याचे आणि भरलेले पैसे परत मिळणार नसल्याचे सांगण्यात आले. हा वाद बराच लांबला. त्या काळात, आपण एवढे दिवस नेमके कशाचे पैसे देत होतो, याचा मला नीट विचार करावा लागला. खांदे, छाती आणि पाठीच्या वरच्या भागाची लवचिकता वाढवण्यासाठी अशी सेवा घेणाऱ्यांना त्याचा उपयोग व्हावा, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

मी असिस्टेड स्ट्रेचिंगकडे वळलो, कारण दिवसभर संगणकासमोर बसून माझा उजवा हात डोक्यावर पूर्ण जाईनासा झाला होता आणि डॉक्टरांनी सांध्यात दोष नसल्याचा निर्वाळा दिला होता. सुरुवातीला माझे मत प्रतिकूलच होते. दाराच्या चौकटीला हात टेकवून छाती ताणता येते आणि पट्टा घेऊन खांदा ताणता येतो, मग तेच करण्यासाठी दुसऱ्या माणसाला पैसे का द्यावेत, असा माझा सरळ हिशेब होता. पहिल्या ट्रेनरच्या एका कृतीमुळे हे मत बदलले.

त्यांनी मला पाठीवर झोपवून गुडघे वाकवून घ्यायला सांगितले आणि हात डोक्याच्या दिशेने नेला. माझा हात सहज कानाजवळ पोहोचला, तेव्हा आपला खांदा समजतो तेवढा आखडलेला नाही, असे मला वाटले. मग त्यांनी दुसऱ्या हाताचा तळवा माझ्या खालच्या बरगड्यांच्या कडेवर ठेवला, पूर्ण श्वास सोडायला लावला, बरगड्या आणि कंबर तिथेच स्थिर धरली आणि तोच हात पुन्हा वर नेला. या वेळी तो कानाच्या कितीतरी अलीकडे थांबला. ताणही पहिल्यांदाच योग्य ठिकाणी, म्हणजे काखेच्या मागच्या बाजूपासून कुशीपर्यंत जाणवला. पहिल्या वेळी हात वर गेला होता तो खांद्यामुळे नव्हे, तर कंबरेला आलेल्या कमानीमुळे.

यामागचे कारण शरीररचनेत आहे. पाठीचा रुंद स्नायू, ज्याला जिममध्ये सगळे ‘लॅट्स’ म्हणतात, तो पाठीच्या कण्याच्या खालच्या भागापासून आणि कंबरेच्या हाडापासून निघून दंडाच्या हाडाच्या पुढच्या बाजूला जोडलेला असतो. हात वर नेताना कंबर मोकळी सोडली, तर स्नायूचे खालचे टोकही वरच्या टोकामागे सरकते आणि त्याला ताण मिळतच नाही. शिवाय हात पूर्ण वर जाण्याच्या सुमारे 180 अंशांच्या हालचालीत दंडाच्या सांध्याचा वाटा साधारण 120 अंशांचा आणि खांद्यामागच्या फऱ्याच्या हाडाचा वाटा साधारण 60 अंशांचा असतो. फरा जागचा हलत नसेल, तर नुसता हात ओढून काही साधत नाही. चांगला ट्रेनर आधी हालचाल नेमकी कुठे अडते ते हाताने तपासतो, मगच काय धरून ठेवायचे आणि काय हलवायचे ते ठरवतो. एकट्याने स्ट्रेचिंग करताना हात ताणता येतो, पण त्याच वेळी स्वतःच्या बरगड्या, फरा किंवा खांद्याचे टोक धरून ठेवणे फार कठीण जाते. पैसे द्यावेत ते या धरून ठेवण्याचे. ओढण्याचे काम पट्टाही करतो.

तेव्हापासून प्रत्येक सेशनमध्ये माझे लक्ष ट्रेनरच्या ओढणाऱ्या हाताऐवजी दुसऱ्या हाताकडे असते. या एका गोष्टीला मी अवाजवी महत्त्व देतो, असे कोणाला वाटेल, परंतु माझ्या अनुभवात चांगल्या आणि वाईट सेशनमधला फरक दर वेळी याच हाताने ठरला आहे.

छातीच्या स्ट्रेचिंगमध्ये हे सर्वांत स्पष्ट दिसते. छातीच्या मोठ्या स्नायूचे काही तंतू कॉलर बोनपासून आणि बाकीचे छातीच्या मधल्या हाडापासून व बरगड्यांच्या कूर्चांपासून येतात, त्यामुळे हात किती उंचीवर ठेवला आहे यावर कोणते तंतू ताणले जाणार हे ठरते. हात खांद्याच्या रेषेच्या वर गेला की खालच्या तंतूंना अधिक ताण मिळतो आणि रेषेच्या खाली असेल तर वरच्या तंतूंना. माझे पहिले ट्रेनर हाताची उंची बदलत असत आणि प्रत्येक उंचीला ताण नेमका कुठे जाणवतो ते विचारत. त्यांचा हात नेहमी माझ्या कोपराच्या वर, दंडावर असे. मनगट धरून दाबले, की पूर्ण हाताच्या लांबीची तरफ तयार होते. ट्रेनरच्या थोड्या जोरानेही खांद्याच्या सांध्याच्या पुढच्या आवरणावर मोठा भार येतो आणि जो स्नायू ताणायचा तो बाजूलाच राहतो. ज्यांचा खांदा पूर्वी निखळलेला आहे, त्यांच्यासाठी ही पद्धत सरळसरळ धोक्याची आहे.

मोठ्या स्नायूच्या खाली छातीचा लहान स्नायू असतो. तो तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या बरगडीपासून निघून फऱ्याच्या पुढे आलेल्या टोकाला जोडला जातो. तो दंडाला जोडलेलाच नसल्यामुळे केवळ हात मागे ओढून त्याला पुरेसा आणि नेमका ताण देता येत नाही. खांदे पुढे आलेल्या माणसांत बहुधा हाच स्नायू आखडलेला असतो. त्यासाठी पहिले ट्रेनर कण्याच्या रेषेत गुंडाळलेला टॉवेल ठेवून मला त्यावर झोपवत, एका तळव्याने खांद्याचा पुढचा भाग सावकाश मागे व किंचित वर दाबत आणि दुसऱ्या तळव्याने त्याच बाजूच्या बरगड्या थोपवून धरत. या प्रकारात हात शरीराजवळ स्वस्थ पडलेला असतो, बाहेरून पाहणाऱ्याला तर काही चालले आहे असेही वाटत नाही. मला मात्र सर्वाधिक फायदा याच प्रकाराचा झाला.

याच लहान स्नायूच्या खालून हाताकडे जाणाऱ्या नसांचा आणि रक्तवाहिन्यांचा गुच्छ जातो, म्हणून हात वर आणि मागे दाबून धरल्यास बोटांत मुंग्या येऊ शकतात. स्नायूचा ताण स्नायूच्या मांसल भागात, पसरलेला आणि सहन होईल असा असतो. मुंग्या, बधिरपणा, करंट गेल्यासारखी कळ किंवा सांध्याच्या आत टोचल्यासारखे दुखणे हा स्नायूचा ताण नव्हे, तो तिथेच थांबण्याचा इशारा आहे. ज्या ट्रेनरला हा भेद माहीत नाही, त्याच्या हाती आपला खांदा देऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

आता पीएनएफ (प्रोप्रिओसेप्टिव्ह न्यूरोमस्क्युलर फॅसिलिटेशन) या पद्धतीविषयी, कारण प्रत्येक केंद्र तिची जाहिरात करते. ही पद्धत 1940 च्या दशकात अमेरिकेत हर्मन कॅबट या डॉक्टरांनी पोलिओ आणि अर्धांगवायूसारख्या आजारांच्या रुग्णांसाठी विकसित केली आणि मार्गारेट नॉट व डोरोथी व्हॉस या फिजिओथेरपिस्टनी तिला पुढे आकार दिला. तिच्यातला एक छोटा भागच आज जिममध्ये वापरला जातो. स्नायू ताणलेल्या स्थितीत आणायचा, क्लायंटने ट्रेनरच्या हाताविरुद्ध काही सेकंद ढकलायचे, मग सैल सोडायचे आणि ट्रेनरने थोडे पुढे न्यायचे. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार हे ढकलणे 3 ते 6 सेकंदांचे आणि पूर्ण ताकदीच्या 20 ते 75 टक्के असावे व त्यानंतरचा ताण 10 ते 30 सेकंद धरावा. माझे पहिले ट्रेनर म्हणत, ‘मला हलवायचा प्रयत्न करू नका, माझा हात जागेवर राहील एवढेच ढकला.’ नव्या ट्रेनरने ‘पूर्ण जोर लावा’ असे सांगितले, तेव्हा माझी मान ताठ झाली, श्वास कोंडला गेला आणि खांदा कानाकडे चढला. मोठ्याने भरभर आकडे मोजून 30 सेकंद निम्म्या वेळात संपवण्याची सवयही मी अनेक ट्रेनरमध्ये पाहिली. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत मोजणारे ट्रेनर मला अधिक भरवशाचे वाटतात.

पीएनएफनंतर हात लगेच पुढे जातो, याचे मला सुरुवातीला फार कौतुक वाटे आणि स्नायू खरोखर लांब झाला, असे मी समजत असे. परंतु दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा जवळपास जुन्या जागी असे. ढकलल्यामुळे स्नायूतील संवेदक शिथिलतेचा संदेश देतात, हे जुने स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते. तात्पुरत्या सुधारणेचा बराच भाग ताण सहन करण्याची आपली मर्यादा वाढल्याने येतो, असे आजचे संशोधन सांगते. हे समजल्यावर माझे मत पुन्हा बदलले. सेशनमध्ये मिळालेली हालचाल घरी त्याच मर्यादेपर्यंत रोज वापरली नाही, तर ती टिकत नाही, आणि ट्रेनर कितीही कुशल असला तरी त्याला उपाय नाही. मी घरी पट्ट्याने, पाठीखाली तसाच टॉवेल ठेवून सराव सुरू केला. वरच्या पाठीसाठी फोम रोलरवर (फोमच्या जाड नळकांड्यावर), कंबर न उचलता, मागे वाकण्याचा व्यायाम जोडला आणि हलके वजन घेऊन हालचालीच्या पूर्ण कक्षेत हात वर-खाली नेऊ लागलो. सुधारणा त्यानंतर टिकू लागली. पूर्ण कक्षेत केलेल्या ताकदीच्या व्यायामानेही लवचिकता वाढते, हे संशोधनातून दिसले आहेच.

पैशांच्या दृष्टीने एक हिशेब प्रत्येकाने करून पाहावा. त्याच मार्गदर्शक तत्त्वांनुसार एका स्ट्रेचला एकूण सुमारे 60 सेकंद आणि आठवड्यातून किमान 2 ते 3 दिवस पुरेसे असतात. छाती, लॅट्स, खांद्याची मागची बाजू आणि मान असे चार प्रकार दोन्ही बाजूंना केले, तरी प्रत्यक्ष ताणाची वेळ 8 मिनिटे होते. स्थिती बदलणे, पीएनएफमधले ढकलणे आणि विश्रांती धरली तरी अर्ध्या तासात ते आरामात बसते. म्हणून तासाभराच्या सेशनमध्ये उरलेला वेळ मसाज गन फिरवण्यात आणि गप्पांत जात असेल, तर आपण कशाचे पैसे भरतो ते विचारलेच पाहिजे. मी छोटी सेशन्स मागितली, ती देण्याची केंद्राची तयारी नव्हती आणि ही माझी दुसरी तक्रार आहे.

मोजमापाचा अभाव ही तिसरी. सुरुवातीला भरून घेतलेल्या फॉर्ममध्ये वजन आणि उंची होती, खांद्याच्या कक्षेची एकही नोंद नव्हती. एक हात खांद्यावरून आणि दुसरा कंबरेकडून पाठीमागे नेऊन मधल्या बोटांमधले अंतर पट्टीने मोजणे, ही इतकी साधी चाचणी आहे की तिला खर्च येत नाही. मी ती घरी करत राहिलो, म्हणून मला सांगता येते की हात डोक्यावर नेण्यात स्पष्ट सुधारणा झाली, पण हात पाठीमागे वर सरकवण्यात फार थोडी झाली. तिथे खांदा आतल्या बाजूला फिरण्याची हालचाल लागते आणि त्यासाठी कुशीवर झोपून कोपरापुढचा हात खाली दाबण्याचा एकच प्रकार मला दिला गेला. त्यातही फरा अंगाखाली बाकावर नीट दाबलेला नसेल तर ताण भलतीकडे जातो.

मानेविषयी थोडक्यात सांगतो. ट्रेनरने खांद्याचे टोक खाली धरून ठेवावे आणि डोके मी स्वतः कलवावे, एवढीच मदत मी घेतो. डोके धरून दुसऱ्याने ओढणे किंवा झटका देणे मी मान्य करत नाही. ज्यांचा खांदा पूर्वी निखळला आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, सांधे जन्मतःच अति सैल आहेत किंवा फ्रोझन शोल्डर (सांध्याचे आवरण आखडून खांदा जखडणे) दुखण्याच्या टप्प्यात आहे, त्यांनी आधी डॉक्टर अथवा फिजिओथेरपिस्टला दाखवावे. मधुमेह असणाऱ्यांत फ्रोझन शोल्डरचे प्रमाण अधिक असते, म्हणून त्यांनी खांदा ‘नुसताच आखडला आहे’ असे गृहीत धरू नये. जड वजन उचलण्यापूर्वी एकाच स्नायूला 60 सेकंदांहून अधिक स्थिर ताण देणेही टाळावे, कारण त्याने काही वेळ ताकद कमी होते.

वाद शेवटी अर्धवट मिटला. पैसे मिळाले नाहीत, परंतु उरलेली सेशन्स दुसऱ्या ट्रेनरकडे वळवण्यास केंद्र तयार झाले. त्यांना मी पहिल्याच भेटीत दोन प्रश्न विचारले: माझा हात वर नेताना तुमचा दुसरा हात कुठे असेल आणि बोटांत मुंग्या आल्या तर तुम्ही काय कराल? त्यांनी पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या बरगड्यांवर तळवा ठेवून दिले आणि दुसऱ्याला, ‘लगेच सोडेन, मग हात थोडा खाली आणून पुन्हा पाहीन’ असे सांगितले. त्यांच्याकडे सेशन्स चालू आहेत आणि मी समाधानी आहे. पॅकेज मात्र पुन्हा घेणार नाही. रोजचा सराव घरी होतो, त्यामुळे महिन्यातून एखाद्या सुट्या सेशनचे पैसे भरून खांदा तपासून घेण्याची सोय मिळाली तरच पुढे जाईन, असे केंद्राला लेखी कळवले आहे.