साधी कांडी, सेक्स्ड कांडी की आयव्हीएफ भ्रूण? गाय बघून ठरवा

गाय माजावर आली की आता डॉक्टर विचारतात, "साधी भरू की कालवडीची?" कांडी म्हणजे वळूच्या गोठवलेल्या वीर्याची नळी; कालवडीची, म्हणजेच सेक्स्ड कांडी, मादी वासरूच व्हावं म्हणून तयार केलेली. भावातला फरक ऐकून बहुतेक जण खिशाकडे बघून उत्तर देतात. बघायला हवं गायीकडे.

सेक्स्ड कांडीची ओढ का लागली, हे उघड आहे. होल्स्टीन या परदेशी जातीच्या संकराचा गोऱ्हा उन्हात औताला टिकत नाही, त्याला धड वशिंडही नसतं. शिवाय महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळूंच्या कत्तलीवर बंदी आहे. म्हणजे गोऱ्हा झाला की तो गोठ्यात खर्च होऊनच राहतो.

मादी वासरू देणाऱ्या एक्स शुक्राणूत वाय शुक्राणूपेक्षा सुमारे ३.८ टक्के जास्त डीएनए असतो. चमकणारा रंग देऊन शुक्राणू एकेक करून लेझरसमोरून नेतात आणि जास्त चमकणारे बाजूला काढतात. अमेरिकी कृषी खात्यातल्या लॉरेन्स जॉन्सन यांनी १९८९ मध्ये ही पद्धत सशांवर सिद्ध केली. आपल्या देशी तंत्राचं लोकार्पण ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशीमला झालं. एका कांडीमागे साधारण २०० रुपये वाचावेत, असा त्यामागचा हेतू होता.

वासरू मादी होण्याची खात्री जवळपास ९० टक्के. पण या सगळ्या प्रवासात शुक्राणू दमतात, आणि कांडीत असतातही थोडे: साध्या कांडीत साधारण दोन कोटी, तर हिच्यात वीसेक लाख. त्यामुळे गाभ राहण्याचं प्रमाण घटतं. हिशेबापुरतं धरा, साध्या शंभर कांड्यांत ४० गाई गाभण राहिल्या, तर कालवडी सुमारे २०. सेक्स्ड शंभरांत ३२ राहिल्या, तरी कालवडी २९ च्या आसपास. आकडा मोहात पाडणारा आहे. पण ज्या आठ गाई जादा उलटल्या, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर आल्या, त्यांचे प्रत्येकी २१ दिवस गेले आणि चारा चालूच राहिला.

म्हणून माझा कौल असा. पहिल्यांदा भरायची, वजन नीट झालेली, नियमित माजावर येणारी कालवड असेल, तर सेक्स्ड कांडी. मादी वासरू अंगाने थोडं लहान असतं, पहिलं वेत सोपं जातं, हा वरचा फायदा. वेळ मात्र सांभाळा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी, हा नियम साध्या कांडीचा. सेक्स्डला थोडा उशीर बरा, माज सुरू झाल्यापासून १६ ते २४ तासांत. माज नेमका कधी सुरू झाला हे घरात कुणालाच सांगता येत नसेल, तर महाग कांडी घेऊ नका.

दोन-तीनदा उलटलेली, वार अडकलेली किंवा वेतानंतर अंग उतरलेली गाय असेल, तर साधीच. दुधाच्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा तीसेक टक्के निघतो, गाभ राहण्याच्या बाबतीत तो जेमतेम काही टक्के. म्हणून अशा गायीत आधी खुराक, खनिज मिश्रण आणि गर्भाशयाची तपासणी.

आयव्हीएफ हा वेगळाच खेळ आहे. दाता गायीच्या अंडाशयातून सुईने बीजांडं काढायची, प्रयोगशाळेत फलित करायची आणि सातव्या दिवसाचं भ्रूण दुसऱ्या गायीत ठेवायचं. ती गाय फक्त पोट देते. गुण दाता गायीचे आणि वळूचे. केंद्राच्या राष्ट्रीय गोकुळ मिशन योजनेत एका आयव्हीएफ गर्भधारणेला ५,००० रुपये अनुदान ठेवलेलं आहे, तरी खर्च त्याहून बराच मोठा. तुमच्याकडे नोंदी असलेली अव्वल गीर गाय असेल आणि तिच्या कालवडी विकायच्या असतील, तर विचार करा. डेअरीला दूध घालणाऱ्या दहा गाईंच्या गोठ्याला याची गरज नाही. शेजाऱ्याने केलं म्हणून तर नाहीच.

आणि एक गोष्ट तिन्ही पर्यायांत विसरली जाते: वळू कोणता? अमेरिकेतल्या 'चीफ' नावाच्या होल्स्टीन वळूच्या १६ हजार मुली होत्या, दूध भरपूर. २०११ मध्ये अमेरिकी कृषी खात्यातले संशोधक पॉल व्हॅनरॅडेन आणि सहकाऱ्यांनी होल्स्टीनच्या जनुकीय नोंदी चाळल्या, तेव्हा डीएनएचा एक तुकडा कुठल्याच जिवंत जनावरात आई-बाप दोघांकडून आलेला सापडेना. तो दोन्हीकडून आला की गर्भ पोटातच मरत होता. एचएच-१ म्हणतात तो हाच दोष. माग चीफपर्यंत गेला. त्यामुळे जगभरात सुमारे पाच लाख गर्भ गेल्याचा अंदाज पुढे निघाला. त्याच वळूने वाढवलेल्या दुधाची किंमत त्या नुकसानीच्या कितीतरी पट होती, हेही खरं.

तेव्हा होल्स्टीनची कांडी घेताना वळूचा नंबर वहीत लिहा, एचएच-१ ची तपासणी झाली आहे का ते विचारा, आणि त्याच्या आईच्या दुधापेक्षा मुलींच्या दुधाची नोंद मागा. ती मिळत नसेल, तर नोंद असलेल्या वळूची साधी कांडी मी आधी घेईन.