गच्ची एक, बँड चार: फॅन, ट्रॅप, लिंक की लॅडर लाइन?

हॅम रेडिओत चाळीस मीटरच्या बँडचा (7 मेगाहर्ट्झ) साधा डायपोल, म्हणजे मध्ये दुभागलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, हे अर्ध्या दिवसाचं काम. 143 ला मेगाहर्ट्झने भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. 7.1 ला 20.14 मीटर, म्हणजे एकेक बाजू दहा मीटरहून सात सेंटिमीटर जास्त. मध्ये कोॲक्स (रेडिओपर्यंत जाणारी केबल, म्हणजे फीडर), टोकांना दोरी, की झालं. व्हीयू-3 ने सुरू होणारा हॅम परवान्याचा कॉलसाइन हातात पडून महिना होतो आणि कुणीतरी सांगतं की संध्याकाळी वीस मीटरच्या बँडवर (14 मेगाहर्ट्झ) युरोप छान येतोय. तुमची तार मात्र तिथे चालायची नाही. 14 मेगाहर्ट्झला ती पूर्ण तरंगलांबीची होते, मधला इंपीडन्स (विद्युत अडथळा) काही हजार ओहमवर जातो आणि रेडिओतला ट्यूनर (हा इंपीडन्स जुळवणारा भाग) नुसताच टकटक करत बसतो. बाहेरचा दांडगा ट्यूनर लावून जबरदस्तीने मॅच केलं, तरी बरीचशी शक्ती कोॲक्सच खाऊन टाकतो.

मग एकाच फीडरवर अनेक बँड कसे बसवायचे? कुणी विचारलं की मी आधी एकच गोष्ट विचारतो: अँटेना खाली घ्यायला तुम्हाला किती वेळ लागतो? दोरी सोडली की पाच मिनिटांत हातात, की प्रत्येक वेळी गच्चीची किल्ली मागायची आणि टाकीवर चढायचं? एसडब्ल्यूआरचे (तार रेडिओशी किती जुळते त्या मापाचे) आलेख त्यानंतर.

सोसायटीच्या गच्चीवर अँटेना लावणाऱ्या बहुतेकांना मी फॅन डायपोल सांगेन. एकाच मध्यबिंदूला दोन जोड्या: चाळीससाठी दहा-दहा मीटरच्या, वीससाठी पाच-पाच मीटरच्या. ज्या बँडवर बोलाल त्या बँडची जोडी करंट घेते, दुसरी जवळजवळ गप्प बसते. त्या ‘जवळजवळ’मध्येच सगळा त्रास आहे. तारा एकमेकींना खेटून ठेवल्या तर छोट्या जोडीचा रेझोनन्स (ती नेमकी जुळते ती फ्रिक्वेन्सी) सरकतो आणि तिचा वापरण्याजोगा पट्टा अरुंद होतो. म्हणून वायरिंगच्या पीव्हीसी पाइपाचे हातभर तुकडे मध्ये घालायचे, किंवा सरळ चार दोऱ्या लावून छोटी जोडी वेगळ्या दिशेला ताणायची. दुसरा उपाय केव्हाही चांगला. ट्यून करताना आधी लांब जोडी, मग छोटी, मग पुन्हा लांब. पंधरा मीटर जवळजवळ फुकटात मिळतो, कारण 7 च्या तिप्पट 21. तारेच्या टोकांच्या परिणामामुळे हा तिसरा रेझोनन्स बँडच्या थोडा वर पडतो, पण तेवढं रेडिओतला ट्यूनर सहसा सांभाळून घेतो. दहा मीटरची तिसरी जोडी, अडीच-अडीच मीटरची, हौस असेल तर.

फॅनमध्ये बिघडण्यासारखं काही नसतं: नुसती तार आणि गाठी. माझ्या फॅनला आजवर एकच शत्रू भेटला, संक्रांत. जानेवारीत नायलॉनचा मांजा दोन्ही जोड्यांत असा गुरफटला की सोडवण्यात अख्खा रविवार गेला.

ट्रॅप डायपोल दिसायला सगळ्यात सुबक. वरून एकच तार, सेक्रेटरींना दाखवायलाही बरी. प्रत्येक बाजूला साधारण पाच मीटरवर पीव्हीसी पाइपावर गुंडाळलेल्या आरजी-58 कोॲक्सचा ट्रॅप असतो. 14 मेगाहर्ट्झला तो दार बंद करतो आणि पुढची तार तुटल्यासारखी होते. 7 ला तोच कॉइलसारखा वागतो, त्यामुळे एकूण लांबी वीस मीटरपेक्षा कमी पुरते. गच्ची सतरा-अठरा मीटरचीच असेल तर हा फायदा खरा आहे. किंमत अशी की चाळीसवर पट्टा अरुंद होतो आणि थोडी शक्ती ट्रॅप गरम करण्यात जाते. ट्यूनिंगचा क्रमही फॅनच्या उलटा: आधी आतली वीसची तार, मग टोकं. मुख्य म्हणजे ट्रॅप टांगण्याआधी नॅनोव्हीएनएवर (अँटेना मोजायच्या छोट्या यंत्रावर) मोजून घ्या. वर गेल्यावर तो बिघडलाय की तार चुकलीय हे खालून कळत नाही. मी एकदा ट्रॅपची दोन्ही तोंडं सिलिकॉनने घट्ट बंद करून स्वतःवर खूश झालो होतो. जुलैत रेझोनन्स खाली घसरला. उतरवून पाहिलं तर आत पाणी, आणि त्याला बाहेर पडायला वाटच नव्हती. आता खालच्या बाजूला बारीक भोक ठेवतो.

ज्यांची दोरी पाच मिनिटांत सुटते त्यांच्यासाठी लिंक डायपोल. चाळीसच्याच तारेत पाच मीटरवर इन्सुलेटर आणि त्यावरून बुलेट कनेक्टरची जोडणी. जोडली की चाळीस, सोडली की वीस. नुकसान नाही, परस्परांचा त्रास नाही, पट्टा साध्या डायपोलइतकाच. फक्त बँड बदलायला उठावं लागतं. घरी याचा कंटाळा आठवडाभरात येतो. डोंगरावर फोल्डिंगच्या फिशिंग रॉडला टांगून इन्व्हर्टेड व्ही (मध्य वर, टोकं खाली) करायचा असेल तर याच्याशी स्पर्धा करणारं दुसरं काही मला माहीत नाही.

लॅडर लाइनचा डबलेट ही बंगलेवाल्यांची आणि कोकणात अंगण असणाऱ्यांची चैन. तारेची लांबी काटेकोर लागत नाही, फीडर शिडीसारख्या दोन समांतर तारांचा, 300 किंवा 450 ओहमचा, खाली बॅलन (असा फीडर कोॲक्सला जोडणारा ट्रान्सफॉर्मर) आणि ट्यूनर. एसडब्ल्यूआर भयंकर असला तरी अशा फीडरमध्ये नुकसान कमी होतं, म्हणून सगळे बँड चालतात. ब्रिटिश हॅम लुई वार्नी यांनी 1946 मध्ये आखलेला 102 फुटांचा जी5आरव्ही अँटेना याच कुळातला. मात्र हा फीडर लोखंडापासून, पाइपांपासून, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांपासून दूर ठेवावा लागतो. सातव्या मजल्यावरची शॅक (रेडिओची खोली) आणि डक्टमधून खाली येणारी केबल असेल, तर विषय संपला. दूरदर्शनच्या जमान्यातली चपटी वायर घरात पडून असेल तर प्रयोगाला वापरा, पण पाऊस पडला की तिचं मॅचिंग सरकतं. दोन माडांमध्ये तार बांधणार असाल तर एका टोकाला पुली आणि पाण्याचा कॅन टांगा, नाहीतर वारा तार तोडेल.

मध्यबिंदू बाजूला सरकवलेला ओसीएफही लोक सुचवतात: 6.7 आणि 13.4 मीटर, 4:1 बॅलन. चाळीस, वीस, दहा चालतात. पंधरावर तो एक-तृतीयांशचा बिंदू नेमका करंट नसलेल्या जागी येतो, म्हणून तिथे नाही.

काहीही निवडलंत तरी तार 1.5 चौरस मिमीची घरगुती चालेल, पुण्याच्या तापकीर गल्लीत नव्वद मीटरचं बंडल सहज मिळतं. इन्सुलेशनमुळे ती सूत्रापेक्षा दोन ते पाच टक्के कमी लागते. तरीही आधी सूत्राइतकीच घ्या, टोक मागे दुमडून तारेलाच गुंडाळा आणि मोजत जा. मऊ तांबं ताणाखाली थोडं लांबतं, तेव्हा महिनाभराने पुन्हा एकदा मोजायला वर जावंच लागतं.