आठ महिने मल्टिमीटर वापरून: ‘कधी सेल्फ घेते, कधी घेत नाही’ अशा गाडीचा अनुभव

आमची गाडी 2010 ची, पेट्रोल, लहान. अमळनेरहून धरणगाव, पाळधी करत जळगाव, आठवड्यातून दोन फेऱ्या. आप्पांचं डायलिसिस तिथं असतं. चार तास ते आत आणि गाडी बाहेर उन्हात. परत निघताना सेल्फ (इंजिन फिरवून चालू करणारी मोटर) मारला की कधी एका झटक्यात चालू, कधी नुसता ‘टक्’ आवाज. डायलिसिस करून आलेला माणूस पार गळून गेलेला असतो. त्याला मागच्या सीटवर बसवायचं आणि आपण बॉनेट उघडून उभं राहायचं, असं मागच्या उन्हाळ्यात पाच वेळा झालं. ज्यांच्या घरी गाडी अशाच कामाला लागते त्यांच्यासाठी लिहितोय, त्यामुळे जरा लांबेल.

मीटर, म्हणजे व्होल्ट, करंट, अडथळा मोजायचं मल्टिमीटर, घेण्याआधी काय काय केलं ते आधी सांगतो. नवी बॅटरी टाकली. सेल्फ काढून कार्बन ब्रश बदलले. रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) बदलला. प्रत्येक वेळी गाडी दहा-पंधरा दिवस नीट चालायची आणि मला वाटायचं, झालं काम. हे असं का व्हायचं ते फार उशिरा कळलं. बॅटरी किंवा सेल्फ काढा-घालायच्या वेळी आजूबाजूच्या केबली हलायच्या, खराब सांधा तात्पुरता नीट बसायचा, आणि गुण मात्र नव्या सामानाला जायचा.

शेवटी धुळे रस्त्यावरच्या एका जुन्या वायरमन काकांनी दोनच प्रश्न विचारले. सेल्फ घेत नाही तेव्हा हेडलाइट पार मंद होतात का? मी म्हटलं, नाही, चांगले राहतात. चार-पाच वेळा सेल्फ मारल्यावर क्लचची केबल हाताला गरम लागते का? ते मी कधी पाहिलंच नव्हतं. पाहिलं तर खरंच कोमट होती. काका म्हणाले, “गाडीमा काहीच खराबी नही शे भाऊ, अर्थ दख पहिले.” म्हणजे आधी अर्थ बघ. अर्थ म्हणजे इंजिन आणि बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडणारी वाट. इंजिनाची अर्थची वायर खराब असली की सेल्फचा करंट बॅटरीकडे परतायला दुसरी वाट शोधतो. ती वाट कधी क्लचच्या केबलीतून जाते, कधी ॲक्सिलरेटरच्या.

त्याच आठवड्यात, ऑक्टोबरमध्ये, मीटर घेतलं. अडीच हजारांच्या आतलं, ऑटो-रेंज (मोजायची पट्टी आपोआप निवडणारं), मिन-मॅक्स बटण असलेलं. मॉडेलवर भर देत नाही, कारण या किमतीतली बरीच मीटरं याच चालीची असतात. मिन-मॅक्स बटण मात्र हवंच. जो बिघाड येतो आणि जातो तो पकडायला तेच उपयोगी पडतं. सेल्फ फिरतो दोन-तीन सेकंद, तेवढ्यात आकड्यांवर नजर ठरत नाही. बटण दाबून ठेवलं की सर्वांत मोठा आकडा मीटरमध्ये राहतो. फक्त स्वस्त मीटर सावकाश मोजतं, त्यामुळे चावी निदान दोन सेकंद धरायला सांगा.

सुरुवातीला मीही सगळ्यांसारखी ‘बीप’ तपासणी केली. एक टोक इंजिनाला, एक बॅटरीच्या मायनसला. बीप वाजला, म्हणजे अर्थ चांगला असं समजलो. इथेच माझे दोन आठवडे गेले. बीप तपासताना मीटर अगदी क्षुल्लक करंट सोडतं. केबलीच्या शंभर तारांपैकी एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतो. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फ मात्र शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. सांध्यात नुसता 0.01 ओहम अडथळा असला आणि 120 अँपिअर जात असले तरी 1.2 व्होल्ट तिथेच खर्ची पडतात. साध्या मीटरवर 0.01 ओहम दिसतही नाही, कारण त्याच्या स्वतःच्या लीडांचाच अडथळा त्याहून कितीतरी जास्त असतो.

म्हणून अर्थ ओहममध्ये मोजू नका, व्होल्टमध्ये मोजा, आणि तेही काम चालू असताना. मीटर डीसी व्होल्टवर ठेवायचं. काळं टोक बॅटरीच्या मायनस खुंटीवर, क्लँपवर नव्हे, कारण खुंटी आणि क्लँप यांच्यातला सांधाही मोजला गेला पाहिजे. लाल टोक इंजिनाच्या उघड्या धातूवर, रंगावर नाही. मग कोणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला आहे ना, ते आधी पाहा. चांगल्या गाडीत हा आकडा 0.2 व्होल्टच्या आसपास किंवा खाली येतो, 0.5 च्या वर गेला तर शोध सुरू करायचा.

घरी सकाळी माझा आकडा आला 0.4. थोडा जास्त, पण गाडी चालू होत होती. खरा आकडा मिळाला जळगावला दुपारी, दवाखान्याबाहेर, आप्पा आत असताना. पुतण्याला चावीवर बसवलं होतं. ‘टक्’ झालं आणि मीटरवर 2.9. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांमध्ये 11.4 शाबूत होते. म्हणजे बॅटरी देत होती, सेल्फपर्यंत पोचत नव्हतं. मग लाल टोक इंजिनावरून काढून बॉडीच्या पत्र्यावर ठेवलं, आकडा 0.1. म्हणजे बॅटरी ते बॉडी ठीक, राहिलेले 2.8 बॉडी ते इंजिन जोडणाऱ्या अर्थच्या हातभर पट्टीत. घरी बसून मोजत राहिलो असतो तर हे कधीच दिसलं नसतं. बिघाड हजर असेल तेव्हाच मोजायला हवं, त्यासाठी मीटर डिकीत नाही, दाराच्या खिशात ठेवा.

पट्टी वरून धडधाकट दिसत होती. सोडली तर थिंबलच्या (केबलीच्या टोकाला दाबून बसवलेलं, बोल्टसाठी भोक असलेलं धातूचं टोक) तोंडाशी तारा हिरव्या होऊन तुटलेल्या, आणि बॉडीच्या बोल्टखाली चक्क रंग. दोन वर्षांपूर्वी पुढच्या बाजूचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं होतं, तेव्हा तो बोल्ट काढून पत्रा रंगवला आणि रंगावरच पुन्हा कसला. तुमच्या गाडीचं असं काम झालं असेल तर अर्थचे बोल्ट आवर्जून पाहा. उन्हानं वायरच बिघडते असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. तांब्याचा अडथळा दर अंशाला 0.39 टक्क्यांच्या आसपास वाढतो, म्हणजे डिसेंबरची सकाळ आणि मे मधली दुपार यांत तीस अंशांचा फरक धरला तरी बारा टक्केच. तेवढ्यानं गाडी बंद पडत नाही. उन्हानं आणि इंजिनाच्या धगीनं सैल सांधा आणखी सैल होतो, तो खरा त्रास.

आता केबलीबद्दल. मी आधी ऑनलाइन एक रंगीत ‘अर्थिंग किट’ मागवलं होतं. ते घेऊ नका. ब्लेडनं तार खरवडली तर आतून पांढरी निघाली, तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. लोहचुंबकानं हे कळत नाही, खरवडूनच पाहावं लागतं. ते ठेवून दिलं आणि 25 स्क्वेअर एमएमची तांब्याची वेल्डिंग केबल अर्धा मीटर विकत आणली. थिंबल मात्र पान्यानं चेपून चालत नाहीत. आपल्या भागात विहिरीच्या मोटारी भरणारी दुकानं गावोगाव आहेत, त्यांच्याकडे हायड्रॉलिक क्रिंपिंगचं यंत्र असतं. मी तिथूनच दाबून घेतलं. वर डाग (सोल्डर) मारायची गरज नाही, डागाच्या कडेला तार कडक होते आणि इंजिनाच्या हादऱ्यानं नेमकी तिथंच तुटते. पत्रा पॉलिश पेपरनं चकचकीत केला, दातेरी वॉशर घातला, बोल्ट कसला आणि कसून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली. काम सुरू करताना बॅटरीचा मायनस आधी काढायचा आणि सर्वांत शेवटी लावायचा, म्हणजे पाना बॉडीला टेकला तरी ठिणगी नाही.

नंतरचे आकडे वहीत आहेत: नोव्हेंबरात 0.11, जानेवारीत 0.11, मे महिन्यात भर दुपारी 0.14. सेल्फनं एकदाही दगा दिला नाही.

मागच्या दिव्याचं कामही याच मीटरनं निघालं. ब्रेक दाबला की डावीकडचा दिवा मंद व्हायचा, इंडिकेटर लटपटायचा. त्या बल्बमध्ये दोन फिलामेंट असतात, 21 वॉटचं ब्रेकचं आणि 5 वॉटचं पार्किंगचं. अर्थ तुटला की ब्रेकचा करंट पार्किंगच्या फिलामेंटमधून उलटा फिरतो, म्हणून दिवे भलतेच पेटतात. ब्रेक दाबून बल्बच्या अर्थवर 2.8 व्होल्ट आले. डिकीच्या कडेला आतून एक बोल्ट गंजला होता. वीस मिनिटांत झालं.

मीटरच्या तक्रारीही लिहितो. सोबत आलेल्या लीड पाच महिन्यांत टोकाशी तुटल्या, चांगल्या सिलिकॉनच्या वेगळ्या घ्याव्या लागल्या. मे मध्ये बॉनेटवर ठेवलं तर डिस्प्ले काळा पडतो, सावलीत नेल्यावर परत येतो. पंधरा मिनिटांत आपोआप बंद होतं, त्यामुळे गाडी बंद असताना बॅटरी किती उतरते हे मोजायला फार त्रास झाला. गाडीतली इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल झोपायलाच (पूर्ण बंद व्हायलाच) अर्धा तास लागतो, त्यानंतरचा करंट बघायचा असतो. तो 50 मिलिअँपिअरच्या खाली असावा, माझा 30 आला. आणि हे नीट वाचा: करंट मोजून झाल्यावर लाल लीड दहा अँपिअरच्या भोकातून काढून व्होल्टच्या भोकात घालायची मी एकदा विसरलो, तशीच बॅटरीला लावली. मोठी ठिणगी उडून आतला फ्यूज गेला. तो गेला म्हणून हात वाचला. जागी त्याच रेटिंगचा सिरॅमिक फ्यूजच टाका, काचेचा किंवा तारेचा नको.

हॉर्नचं अजून उरलंय. स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की कधी वाजतो, कधी नाही. हॉर्नच्या टोकाला 12.5 व्होल्ट येताना सापडले, पण बटणाच्या बाजूचा अर्थ वळवताना तुटतो आहे असं दिसतंय. एअरबॅगची गाडी असल्यामुळे स्टिअरिंग मी स्वतः उघडणार नाही. पुढच्या फेरीला आप्पा आत गेले की तिथंच वायरमनकडे नेईन, मोजलेले आकडे कागदावर लिहून ठेवलेत.