पर्जन्यमापक उत्तम, पण मोजपात्र तपासूनच घ्या

मे महिन्यात शेतासाठी हाताने मोजायचं साधं पर्जन्यमापक मागवलं. औशाजवळ आमचं सोयाबीन, आणि महसूल मंडळाचं पाऊस मोजायचं सरकारी यंत्र शिवारापासून अकरा किलोमीटरवर. तिकडे धो धो पडतो तेव्हा आमच्या बांधावर धूळ उडत असते. अतिवृष्टीच्या नुकसानभरपाईला ६५ मिलिमीटर पावसाची अट असते, म्हणून आपल्या रानात किती पडला हे आपल्याला माहीत असायला हवं.

यंत्र सायमन्स पद्धतीचं. फायबरचं अंग, धातूची धारदार कडा, आत नरसाळं आणि बाटली, शिवाय काचेचं मोजपात्र. बांधणीला नाव ठेवायला जागा नाही. थेंब कडेवर रेंगाळत नाही, एक तर आत जातो नाही तर बाहेर.

थोरला म्हणाला, "अण्णा, गच्चीवर ठेवू, जनावरांचा धक्का नको." मी ऐकलं नाही. कडा जमिनीपासून ३० सेंटिमीटरवर येईल असं सिमेंटमध्ये बसवलं. या ३० सेंटिमीटरमागे मोठी खटपट आहे. हेबर्डेन या इंग्रज डॉक्टरांनी १७६०च्या दशकात लंडनला वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेच्या माथ्यावर, जवळच्या घराच्या छपरावर आणि खाली जमिनीवर अशी तीन भांडी ठेवली. वर्षभरात अ‍ॅबेवरच्या भांड्यात जमिनीवरच्यापेक्षा निम्म्याहून थोडंच जास्त पाणी भरलं! उंचावरचा वारा थेंब भांड्यावरून उडवून नेतो, हे जेव्हन्स या इंग्रज अभ्यासकांनी १८६१मध्ये दाखवलं. ज्यांच्या नावाचं हे यंत्र, त्या सायमन्स यांनी त्याच सुमारास ब्रिटनभर हौशी निरीक्षक जोडले आणि सगळ्यांनी एकाच रीतीने मोजावं असा आग्रह धरला. आपल्याकडे १८७५मध्ये हवामान खातं निघालं तेव्हा त्याचे पहिले प्रमुख ब्लॅनफर्ड यांच्यापुढेही हेच काम होतं, प्रांतोप्रांतीच्या नोंदी एका मापात आणण्याचं. आज देशभर सकाळी साडेआठला वाचन होतं. मीही तीच वेळ पाळतो.

आता तक्रार. जूनमध्ये चार-पाच पावसांची बेरीज ८४ मिलिमीटर झाली. पेरणीला ७५ ते १०० लागतो, बियाणं काढून ठेवलं. पण खुरप्याने उकरलं तर ओल वीतभरही नाही. शंका आली. यंत्राचं तोंड २०० चौरस सेंटिमीटरचं, म्हणजे २० मिलिलिटर पाणी बरोबर १ मिलिमीटर दाखवायला हवं. जनावरांच्या इंजेक्शनच्या सिरिंजने तेवढं पाणी मोजून ओतलं, तर पात्र २ दाखवतंय! १०० चौरस सेंटिमीटरच्या यंत्राचं पात्र पाठवलं होतं. खरा पाऊस ४२. ८४च्या आकड्यावर पेरलं असतं तर बियाणं मातीत गेलं असतं. विक्रेत्याने बदलून दिलं, पण तीन आठवडे आणि कितीतरी फोन लागले. ही चूक लहान म्हणता येत नाही.

यंत्राला पाचपैकी चार, विक्रेत्याला दोन. घेतलंत तर पहिल्याच दिवशी सिरिंजची परीक्षा करा. झाड किंवा घर जवळ असेल तर त्याच्या उंचीच्या दुप्पट अंतर सोडा. काच हातातून निसटली की संपली, म्हणून मी जादा पात्र आणून गव्हाच्या कोठीत ठेवलंय.