जुनं कुरण नांगरू की शेतं एकत्र करू?

इंग्लंडात शेती घेतलेल्या मित्राने विचारलं म्हणून लिहितोय.

परवानगीचं बघ, 15 वर्षं न नांगरलेलं कुरण 2 हेक्टर किंवा जास्त असेल तर आधी नॅचरल इंग्लंड या सरकारी निसर्गसंस्थेचं स्क्रीनिंग, म्हणजे पर्यावरणाला धक्का बसेल का याची तपासणी, 35 दिवस धर, आणि नुसती नांगरटच नाही, खत-चुना टाकणं, निचरा काढणं पण त्यात येतं. शेतं एकत्र करताना साधारण 4 किलोमीटर कुंपण काढलं किंवा 10,000 घनमीटर माती हलवली किंवा 100 हेक्टर वा जास्त जमिनीत बदल केला तरच हे स्क्रीनिंग लागतं, राष्ट्रीय उद्यानासारख्या संवेदनशील भागात या मर्यादा निम्म्या. पण झुडपांच्या जुन्या कुंपणाला 1997 चा वेगळा नियम, स्थानिक कौन्सिलला 42 दिवस आधी नोटीस.

नुकसान कुरणात जास्त, रानफुलांचं गवत एकदा उलटलं की आपल्या हयातीत परत येत नाही रे.

मोठं ट्रॅक्टर फिरवायला जागा हवी असेल तर तारेची कुंपणं काढ. चाराच वाढवायचा असेल तर आधीच नांगरटीत असलेला तुकडा घे, कुरण राहू दे.