छत बंद होण्याआधी तार खरवडून बघा

आमचे बाबा ८१ वर्षांचे. आंघोळीला जाताना ट्रान्झिस्टर दुधाच्या धुतलेल्या पिशवीत गुंडाळून बाथरूमच्या खिडकीत ठेवायचे, कारण त्यांची आंघोळ आणि आकाशवाणी पुण्याच्या सकाळच्या बातम्या एकाच वेळी येतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये कोथरूडच्या आमच्या फ्लॅटचं काम काढलं, छत नव्याने करायचंच होतं, तेव्हा मला वाटलं की ही पिशवी आता बंद करू. हॉल, स्वयंपाकघर, दोन्ही बेडरूम आणि बाथरूम, सगळीकडे छतात स्पीकर बसवू. बाबांना हव्या तर बातम्या, मला ओट्यापाशी अभंग.

छताचं काम करणाऱ्याच्या ओळखीतून एक जण आला. बोलणं गोड, स्वच्छ कपडे, हातात टॅबलेट. त्याच्या दुकानात नेऊन त्याने आम्हाला जे ऐकवलं ते खरोखर सुरेख होतं. तानपुऱ्याची तार छेडल्यावर मागे राहणारी गुंजसुद्धा ऐकू येत होती. बाबा डोळे मिटून बसून राहिले. मी तिथेच हो म्हणाले. दुकानात जे वाजतं तेच घरी येणार आहे का, हा प्रश्न मला सुचायला हवा होता.

कोटेशन व्हॉट्सअॅपवर आलं. ‘सीलिंग स्पीकर ९ नग, त्यात बाथरूमचा १ वॉटरप्रूफ, आयपी ६५. प्युअर कॉपर वायर २.५ एमएम. अॅम्प्लिफायर १. पाच झोन.’ झोन म्हणजे जिथे वेगळं काहीतरी वाजवता येईल अशी जागा. एकूण १,८०,००० रुपये. एकाही वस्तूपुढे कंपनी नाही, मॉडेल नंबर नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाला, “ताई, सगळा इम्पोर्टेड माल आहे, नंबर देऊन तुम्हाला काय कळणार? मी बसलोय ना.” १,३०,००० रुपये मी आधीच दिले. यूपीआयवर नाव भलत्याच माणसाचं आलं, तर म्हणाला, “भावाचं खातं आहे.”

मग घाई सुरू झाली. सीलिंगवाले सोमवारी पीओपीच्या शीट मारणार होते, त्यामुळे रविवारी दोन पोरं येऊन तारा टाकून गेली. स्पीकरचे खोके आले ते उघडलेलेच. “कापायचं माप घ्यायला उघडले,” असं सांगितलं. संध्याकाळी खोके, थर्माकोल, कागद सगळं पोरांनी उचलून नेलं. मला वाटलं, बरं झालं, घर स्वच्छ ठेवतात. आज वाटतं की माझा पुरावाच ते माझ्यासमोर घेऊन गेले. खोक्यावर मॉडेल असतं, सिरियल नंबर असतो, एमआरपी आणि आयातदाराचा पत्ता असतो. खोका घराबाहेर गेला की छतात जे चिकटवलंय ते काय आहे, हे सांगणारं कुणी उरत नाही.

चालू करून दाखवलं त्या दिवशी पाचही ठिकाणी एकच गाणं लावलं आणि आम्ही खूश झालो. उरलेले ५०,०००ही त्याच दिवशी देऊन टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या खोलीत बातम्या लावल्या तर त्या स्वयंपाकघरातही लागल्या. स्वयंपाकघरातला आवाज कमी केला तर बाबांचाही कमी झाला. माझ्या फोनवर बहिणीचा कॉल आला आणि घरभर सगळं बंद पडलं. मी फोन घेऊन खाली किराणा आणायला गेले, परत आले तर बाबा गप्प बसलेले, कारण फोन गेल्याबरोबर बातम्याही गेल्या होत्या. तक्रार केली तर “अपडेट येईल” असं उत्तर.

नंतर नीट समजून घेतलं ते सांगते. खोलीखोलीत वेगळं वाजवायचं असेल तर प्रत्येक खोलीसाठी वेगळा अॅम्प्लिफायर लागतो किंवा अनेक झोनचा एक मोठा, आणि ते वायफायवर चालणारे असावे लागतात, म्हणजे गाणं फोनमधून न येता थेट राउटरकडून येतं. आम्हाला बसवून दिला होता दुकानात, हॉटेलात ठेवतात तसला साधा ब्लूटूथ अॅम्प्लिफायर. दोन चॅनल, प्रत्येकावर चार-चार स्पीकर समांतर जोडलेले. ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की ४ ओहम होतात, चार जोडले की २. ओहम जितके कमी, तितका अॅम्प्लिफायरवर भार जास्त. त्याच्या पाठीवर स्पष्ट छापलंय, ४ ते ८ ओहम. म्हणून तो अर्ध्या तासात हात लावू नये इतका तापायचा आणि आपोआप बंद व्हायचा. त्या माणसाला हे माहीत नव्हतं असं मी मानत नाही. तुम्ही कुणाकडून असं काम करून घेणार असाल तर पैसे देण्याआधी त्याला एवढंच सांगा: हॉलमध्ये बातम्या, स्वयंपाकघरात गाणं, दोन्ही एकाच वेळी लावून दाखव आणि तुझा फोन घेऊन जिना उतरून जा.

तरी हे सगळं मी सोडून दिलं असतं. बाथरूमचं मात्र सोडता येत नाही.

जुलैच्या पावसात घरातला मेन स्विचशेजारचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, रोज सकाळी पडायला लागला. आधी गिझरवर संशय घेतला. आमचे नेहमीचे इलेक्ट्रिशियन काका आले, त्यांनी बाथरूमच्या पीव्हीसी छताची एक पट्टी काढली आणि मला स्टुलावर चढायला सांगितलं. “बघा, वहिनी.” बाथरूमच्या स्पीकरसाठी एक छोटं वेगळं सर्किट आणि त्याचा १२ व्होल्टचा अडॅप्टर, दोन्ही छताच्या वर नुसते ठेवलेले. अडॅप्टरला २३० व्होल्टची लाइन एक्झॉस्ट फॅनच्या पॉइंटवरून घेतलेली, पिळून जोडलेल्या तारांवर काळी टेप. आंघोळीची वाफ वर जाऊन तिथेच साठत होती. टेप सुटली होती, तांब्यावर हिरवट थर आला होता आणि सीलिंगच्या लोखंडी पट्टीवर पाण्याचे थेंब दिसत होते. त्या पट्टीच्या बरोबर खाली बाबांचा आंघोळीचा स्टूल. काका म्हणाले, हा ३० मिलिअँपचा आरसीसीबी जुन्या बोर्डात नसता तर काही खरं नव्हतं. मी स्टुलावरून उतरले आणि बराच वेळ तिथेच उभी राहिले.

स्पीकरही काढला. आवाज काढणारा कागदी कोन फुगून कडेला सुटलेला, जाळीला गंज. मागे ‘आयपी ६५’चं चकचकीत स्टिकर होतं, ते वाफेने इतकं सैल झालं होतं की नखाने निघालं. खाली काहीच छापलेलं नव्हतं. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीसाठी असतो, दुसरा पाण्यासाठी. ६५ म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवारा सोसतो. कागदी कोनाचा उघडा स्पीकर तो सोसूच शकत नाही. हा आकडा स्टिकरवर बघू नका, मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या संकेतस्थळावर बघा. आणि बाथरूमच्या आत किंवा छताच्या वर २३० व्होल्टचं काहीही ठेवू देऊ नका. अॅम्प्लिफायर बाहेर कोरड्या जागी असावा, आत फक्त स्पीकरची तार यावी.

तारेचा एक तुकडा कापून मी तपकीर गल्लीत विजेच्या सामानाच्या एका जुन्या दुकानात गेले. दुकानातल्या आजोबांनी आतून खऱ्या तांब्याच्या तारेचा तेवढाच तुकडा आणला आणि दोन्ही माझ्या तळहातावर ठेवले. डोळे मिटले असते तरी कळलं असतं, माझा तुकडा अगदीच हलका होता. मग त्यांनी ब्लेडने एक धागा खरवडला. वरचा तांबूस रंग निघाला आणि आतून पांढरी चांदीसारखी धातू दिसली. अॅल्युमिनिअमला तांब्याचा मुलामा. अशी तार स्वस्त असते, विजेला जास्त अडवते आणि जोडाशी लवकर खराब होते. हे तपासायला ब्लेड आणि दहा सेकंद लागतात, फक्त ते छत बंद होण्याआधी करावं लागतं. आमच्याकडे तार पाइपातूनही ओढलेली नव्हती, तशीच वर टाकून दिली होती. पाइप असता तर जुनी तार काढून त्यातूनच नवी ओढता आली असती. आता नवी टाकायची तर नवं कोरं छत फोडावं लागेल.

त्याने नंतर पाठवलेल्या बिलावर १५ अंकी जीएसटी क्रमांक होता, महाराष्ट्राचा २७ पुढे लावून. जीएसटीच्या पोर्टलवर तो मोफत तपासता येतो. मी तपासला तेव्हा कापडाच्या एका व्यवसायाचं नाव आलं आणि नोंदणी रद्द झालेली निघाली. हे काम मी एप्रिलमध्येच करायला हवं होतं. त्यानंतर त्याचा फोन लागेनासा झाला.

आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, त्यातून काही हाती लागलं नाही. मग जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून तक्रार दाखल केली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो तिथल्या आयोगाकडे जाता येतं, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही आणि घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. माझ्याकडे पुरावा काय, तर व्हॉट्सअॅपवरचं कोटेशन, यूपीआयच्या नोंदी, फोटो, निघालेलं स्टिकर आणि तारेचे दोन तुकडे. खोके असते तर बाजू कितीतरी भक्कम झाली असती.

बाबांसाठी आता एक बॅटरीवरचा, पाण्यात पडला तरी चालेल असा छोटा स्पीकर आणलाय. बाहेर चार्ज होतो, आत खुंटीला लटकतो. सकाळच्या बातम्या त्यावर नीट ऐकू येतात. छतातली नऊ भोकं आम्ही अजून बुजवलेली नाहीत. आयोगाने कुणाला पाहणीला पाठवलं तर त्यांना दिसावं म्हणून प्रत्येक भोकातून तार खाली सोडून ठेवली आहे, टोकाशी बोटभर खरवडलेली.